झेरॉक्सच्या मागचा तक्ता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. खुनाच्या तपासातली नावंसुद्धा कधी कधी आठवत नाहीत. या प्रकरणात कुणाच्या अंगावर ओरखडाही आला नव्हता, तरी ते मला पानापानानं आठवतं.

त्या वेळी मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं इथंच राहतात आणि खटला अजून संपलेला नाही.

कोरोना नुकताच ओसरला होता. लेकरांची शाळा मोबाइलवर झाली होती, लग्नं मोबाइलवर बघून झाली होती, त्यामुळं डॉक्टरेटही मोबाइलवर मिळते, हे कुणाला खोटं वाटत नव्हतं. अशात एका महाविद्यालयाचा अर्ज टपालानं आला. त्यांच्याकडं तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवणाऱ्या एका बाईंनी कायम जागेसाठी अर्ज करताना व्यवसाय व्यवस्थापनातली पीएच.डी. जोडली होती. विद्यापीठ परदेशी, शिक्षण पूर्ण ऑनलाइन. छाननी समितीनं कळवलं होतं की अशा पदवीला आपल्याकडं मान्यता नाही, शिवाय या नावाचं विद्यापीठ त्या देशाच्या यादीतही सापडत नाही. सबब उमेदवारानं बनावट पदवी सादर केली असून तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी.

अर्ज चौकशीवर घेतला. महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. पण दारात पोलिसांची गाडी नको म्हणून बाई स्वतःच आल्या. वय चौतीस. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूचं गाव, नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बरोबर सासू होती. महिला अंमलदाराला बसवून मी जबाब सुरू केला.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. पीएच.डी. असल्याशिवाय कायम जागा मिळत नाही. सरकारी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्या पास झाल्या होत्या, पण मार्गदर्शक मिळाले ते दीडशे किलोमीटरवर. महिन्यातून चार वेळा जाणं, पदरात अकरा महिन्यांची मुलगी. म्हणून ती जागा सोडली आणि तालुक्याच्या अभ्यास केंद्रात नाव घातलं. तीन वर्षं काम केलं, प्रबंध लिहिला, पदवी मिळाली.

"पदवी खोटी आहे, हे केव्हा कळलं?" मी विचारलं.

"तुमचा शिपाई आला तेव्हा."

सासू मध्येच बोलली. "साहेब, हिनं चोरी केली म्हणतेत का हो लोकं? तीन वर्सं लेकरू मी खेळवलंय. चोरी करायची असती तर येवढा तरास कोन घेतो?"

"आजी, तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या."

"तिला बोलता येत असतं तर मी काहून आले असते?"

महिला अंमलदार हसली. मी नाही हसलो. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझं मत बाईंच्या विरुद्ध होत चाललं होतं. एम.कॉम. झालेली, मुलांना लेखापरीक्षण शिकवणारी बाई विद्यापीठ आहे की नाही एवढं बघत नाही, हे मला पटत नव्हतं. तिचं काय पणाला लागलंय, हेही स्पष्ट होतं. ती फसवली गेली असेल तर साक्षीदार. माहीत असून पदवी घेतली असेल तर आरोपी, आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा एकदा नावावर लागला की बालवाडीतसुद्धा कुणी उभं करत नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या संचालकाला बोलावलं. एसटी स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. मागच्या बाजूला काचेची केबिन, दारावर आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्राची पाटी आणि त्याच्या नावाआधी 'डॉ.'. भर एप्रिलमध्ये तो कोट घालून आला. मला नमस्कार केला तो ओळखीच्या माणसाला करावा तसा. मी लक्ष दिलं नाही. तालुक्यात ठाणेदाराशी ओळख सगळेच दाखवतात.

"डॉक्टर कशाचे?"

"मॅनेजमेंटचे, सर."

"प्रबंध कशावर होता?"

"स्ट्रॅटेजीवर."

"कुणाच्या?"

"जनरल, सर."

माझा हवालदार लिहिता लिहिता थांबला. "साहेब, 'जनरल' असंच लिहू का?"

"असंच लिहा."

संचालक घाबरला नव्हता. त्यानं पिशवीतून बाईंचा प्रवेश अर्ज काढला. सातवं पान उघडून बारीक इंग्रजीतली ओळ दाखवली. 'हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी ग्राह्य असल्याची हमी नाही, याची मला जाणीव आहे.' खाली बाईंची सही.

"मॅडम शिकलेल्या आहेत, सर. वाचून सही केलीय. त्यांना स्वस्तात पाहिजे होतं, मी दिलं. अन् स्वस्तात घेणाऱ्याला बराबर माहीत असतं, आपण काय घेऊन राहिलो ते."

"मग तीन वर्षं प्रबंध कशाला लिहून घेतला?"

"मी कुठं लिहून घेतला? त्यांनीच लिहिला. मी म्हणलं होतं, पन्नास पानं पाठवा, भागतं." मग तो हसला. "वाचतंय कोण, सर?"

बाई पुन्हा आपणहून ठाण्यात आल्या तेव्हा मी त्यांना ती सही दाखवली. सही त्यांचीच होती. सातवं पान वाचलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. तीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. अडाणी माणूस अंगठा देण्याआधी दहा जणांना विचारतो, शिकलेला माणूस न वाचता सही करतो. पण 'वाचलं नव्हतं' हा बचाव न्यायालयात टिकत नाही. कागद तिच्या विरुद्ध होता.

प्रबंधाच्या तीन बांधीव प्रती मी मागवून घेतल्या होत्या. कुठून उतरवलेला आहे का, एवढंच बघायचं होतं. दोनशे चौदा पानं. विषय होता हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात माल घेऊन आलेला शेतकरी लिलावासाठी किती तास थांबतो आणि त्या थांबण्याचा त्याला मिळणाऱ्या भावावर काय परिणाम होतो. मला आकड्यांची सवय आहे. घरचा किराणासुद्धा मी दोनदा बेरीज केल्याशिवाय देत नाही. सकाळची हजेरी आटोपली की बंदोबस्ताच्या फायली येईपर्यंत रोज चाळीस-पन्नास पानं वाचली. चार दिवस लागले.

ते उतरवलेलं नव्हतं. दोन हंगाम ती बाई यार्डात उभी होती. गाडी आत कधी आली, ढीग कधी पडला, बोली कधी लागली, हमाल जेवायला कधी गेले, सगळ्याची वेळ टिपलेली. डोंगरकडा गावाकडून आलेल्या एका शेतकऱ्यानं तिला विचारलं होतं, 'बाई, तुमी सरकारच्या का व्यापाऱ्याच्या?' तेही तिनं तळटीपेत लिहिलं होतं. प्रत्येक प्रकरण तिनं विद्यापीठाला ईमेलनं पाठवलेलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर आलेलं शब्दशः एकच: प्रगती उत्कृष्ट आहे, पुढील हप्ता भरावा. पाच प्रकरणांना तेच वाक्य. सायबर शाखेनं पुढं कळवलं की तिच्या फायली तिकडं कुणी उघडल्याच नव्हत्या.

माझं मत फिरलं. खोट्या कागदासाठी कुणी दोन हंगाम हळदीच्या धुळीत उभं राहत नाही. पण तपास अधिकाऱ्याचं मत हा पुरावा नसतो. प्रबंध खरा आहे म्हणून पदवी खोटी असल्याचं तिला माहीत नव्हतं, असं सिद्ध होत नाही. तिला काय सांगून नाव घालून घेतलं, हे दाखवणारं काहीतरी हवं होतं. संचालक म्हणायचा, तोंडी बोललो असेन. पावत्यांवर त्याच्या हातची नुसती रक्कम अन् सही होती.

मी बाईंना निरोप पाठवला की प्रवेशाच्या वेळचा एकूण एक कागद घेऊन या. त्या आल्या, पण फाइलीत नवीन काही नव्हतं. तेवढ्यात सासूनं काखेतली कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

"ह्यातबी एक हाय."

"आत्या, त्यात सातबारा आहे," बाई म्हणाल्या.

"सातबाऱ्यासंगंच ठिवलाय. शिक्क्याचा कागद, उंदरानं खाल्ला तर? म्हनून मी पेटीत घातला व्हता." त्यांनी चार घड्यांचा एक कागद काढून टेबलावर सरळ केला. "आमी दोघी त्याच्या दुकानात गेलो, तवा त्यानं ह्याच कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं. मी तिथंच बसले व्हते. लिहिलेलं मला कळत न्हाई, पर शिक्का कळतो. मीच म्हनलं हिला, घे नाव, पोलिसाचा शिक्का हाय."

मागच्या बाजूला निळ्या पेनानं आखलेला तक्ता होता. तीन रकाने. पहिला सरकारी विद्यापीठाचा: शुल्क कमी, पण प्रत्यक्ष हजेरी. दुसरा मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठाचा: शुल्क जवळजवळ साडेचार पट. तिसरा त्याच्या केंद्राचा: घरबसल्या, तीन वर्षं, सहा हप्ते. त्याखाली त्याच पेनानं, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'कायम नोकरीला चालते.' अक्षर संचालकाचं होतं. पावत्यांशी ताडून बघायला एक मिनिटही लागलं नाही. शुल्काचे आकडे मी नंतर तपासले. ते तिन्ही बरोबर होते. ही पदवी मान्य कोण करतं, एवढा एकच रकाना त्यानं आखला नव्हता, आणि तो का नाही, हे तिनं विचारलं नव्हतं.

मला हवा होता तो कागद समोर होता.

"आता पालथा करा," सासू म्हणाली. "हे बघा, तुमच्याच ठान्याचा शिक्का. ही सही कोनाची हाय ते काढा, साहेब. त्यालाबी धरा."

मी कागद उलटला. संचालकाच्या स्वतःच्या डॉक्टरेटची ती झेरॉक्स होती. खाली गोल शिक्का, 'मूळ प्रतीवरून ताडून पाहिले, सत्यप्रत', तारीख आणि सही. सही माझी होती. तारीख बाईंच्या पहिल्या पावतीच्या अकरा दिवस आधीची. एवढी वर्षं मी त्याच ठाण्यात सलग नव्हतो. आधी एकदा तिथं होतो, मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो आणि परत तिथंच आलो. ही सही पहिल्या खेपेची.

आता तो प्रसंग आठवला. कागद साक्षांकित करून घ्यायची गरज नाही, स्वतःची सही चालते, असा शासनाचा आदेश येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तरी लोक येत. बाकीचे अधिकारी न बघता सही करून मोकळे होत. मी तसं केलं नाही, याचा मला अभिमान होता. मूळ आणि प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायचो. त्या दिवशीही तसंच केलं असणार. मूळ कागद कोणी दिला, असा प्रश्न मला पडला नाही. तो माझ्या कामाचा भाग नव्हता.

"आजी," मी म्हणालो, "ही सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडं आणि मग कागदाकडं पाहिलं. "तुमी वाचलं न्हवतं व्हय?"

"वाचलं होतं. सगळं."

"मग काहून केली?"

मी नियम सांगितला. सत्यप्रत म्हणजे नक्कल मुळासारखी आहे, एवढंच. मूळ खरं की खोटं, ते नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमाला कुठं ठाव हाय साहेब हे?" त्या म्हणाल्या. "आमी तर समजलो, तुमी त्याला वळखता."

बाई खाली बघत होत्या. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दोघी बाहेर बाकावर बसल्यावर हवालदारानं दार लोटलं. चांगला माणूस, माझ्या हाताखाली सहा वर्षं काढलेला. "साहेब, हा कागद पंचनाम्यात घ्यायची काही गरज न्हाई. बाकीचे हायेत ना. सायबरचा अहवाल येतोय."

"त्यावर तक्ता आहे. 'नोकरीला चालते' दुसऱ्या कुठल्या कागदावर आहे?"

"मागच्या बाजूची झेरॉक्स काढू. नुसती मागची."

मी लगेच नाही म्हणालो, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दहा-पंधरा मिनिटं तो कागद माझ्यासमोर पडून होता. तीन वर्षं उरली होती. सेवापुस्तकात तोवर एकही शेरा नव्हता. अन् मागच्या बाजूची नक्कल खरंच काढता आली असती. पण बचाव पक्षाचा कुठलाही वकील पहिला प्रश्न विचारणार, मूळ कागद कुठं आहे? नक्कल पडली की तक्ता पडला, आणि तक्ता पडला की सातव्या पानावरची तिची सही तेवढी उरली.

पंच बोलावून मूळ कागद जप्त केला. स्टेशन डायरीला नोंद केली की सदर दस्तावरील साक्षांकन माझे असून मी या गुन्ह्यात साक्षीदार ठरतो, सबब तपास माझ्याकडे ठेवणे उचित नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी कळवलं. त्यांचा फोन आला. "अहो, एवढं कशाला? सह्या तर सगळेच करतात." मी म्हणालो, सर, म्हणूनच लिहून दिलंय.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. "डाळीतला खडा लांबून दिसतो तुम्हाला," ती म्हणाली. "अन् अख्खं विद्यापीठ नाही, ते नाही दिसलं?"

तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडं गेला. त्याच सत्यप्रतीच्या झेरॉक्स आणखी नऊ जणांच्या घरी सापडल्या. त्यातल्या चौघांनी जबाबात सांगितलं की शिक्का पाहून नाव घातलं. संचालकानं प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, खोटं असतं तर ठाणेदारांनी मला तिथंच बसवून घेतलं नसतं का? त्याला अटक झाली, पुढं जामीन झाला. दोषारोपपत्रात बाईंचं नाव साक्षीदारांच्या यादीत आलं. माझ्याकडून स्पष्टीकरण मागवलं गेलं, चौकशी झाली, सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तकात ती नोंद आहे आणि ती योग्य आहे.

बाई आरोपी झाल्या नाहीत, पण त्यांचं फार काही वाचलं असंही नाही. महाविद्यालयानं पुढच्या सत्रात त्यांना तासिका दिल्या नाहीत. त्यांनी सरकारी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पुन्हा दिली, या वेळी नंबर लागला नाही. आता त्या गोरेगावात दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतात. प्रबंधाच्या तिन्ही प्रती मुद्देमाल खोलीत आहेत. सासू मागच्या वर्षी गेली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते थोडं आहे. आपण लोक कागद तपासतो तेव्हा बहुतेक वेळा एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतो. तो कागद देणाऱ्याला द्यायचा अधिकार होता का, हे विचारत नाही. कारण ते कुणीतरी आधीच विचारलं असेल, असं प्रत्येकाला वाटतं. बाईंना वाटलं पोलिसांनी विचारलं असेल. मला वाटलं विद्यापीठाला मान्यता देणाऱ्यांनी विचारलं असेल. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मुलांच्या ऑनलाइन शिक्षणाचं विचारायला येतात, कुठलं परवडेल म्हणून. मी त्यांना सांगतो, शुल्क शेवटी बघा. आधी मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा, मग ज्या नोकरीसाठी शिकताय तिथल्या कार्यालयात स्वतः जाऊन ही पदवी चालेल का ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर नाव न घालता घरी परत या.

गेल्या हिवाळ्यात माझी साक्ष होती, त्याच दिवशी बाईंचीही. न्यायालयाच्या व्हरांड्यात त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी काय बोलावं हे ठरवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"साहेब, तुम्ही प्रबंध वाचला होता म्हणे. पूर्ण."

"हो. दोनशे चौदा पानं."

"दुसऱ्या कुणीच वाचला नाही. कसा होता?"

मी पोलीस माणूस. चांगला होता असं म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी ते ज्या तऱ्हेनं विचारलं, त्याला तेवढं उत्तर पुरेसं नव्हतं.

"काम पक्कं आहे," मी म्हणालो. "चौथ्या प्रकरणात एकशे एकतीसच्या पानावर दुसऱ्या हंगामाच्या आवकेची बेरीज चुकली आहे. नऊ क्विंटलांनी."

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि समन्सच्या कोऱ्या बाजूवर पान नंबर लिहून घेतला.

"जास्त धरली का कमी?"

"जास्त."

"मग सरासरी बदलेल," त्या म्हणाल्या, आणि तिथंच, गुडघ्यावर कागद धरून, त्यांनी भागाकार सुरू केला. पुकारा झाला तेव्हा तो अर्धाच झाला होता. त्यांनी कागद घडी न करता हातात धरला आणि साक्ष द्यायला आत गेल्या.